तापीकाठचे क्रूसयुद्ध

दर शनिवारी सकाळच्या गाडीने मी बडोद्याहून कोसाडला जातो. सायण मागे पडले की हार्मोनियमच्या वह्यांची पिशवी सावरून दाराशी उभे राहावे लागते, कारण गाडी तेथे थांबते न थांबते तोच निघते. पुढे उतराण, मग तापीचा पूल आणि पलीकडे सुरत. कोसाड पूर्वी उसाचे आणि भाजीपाल्याचे गाव होते. आता ते सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत गेले आहे. आवास योजनेच्या इमारतींच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांत देशाच्या साऱ्या कोपऱ्यांतली माणसे येऊन राहिली आहेत. यंत्रमागावर जाणारी आमची खानदेशी मंडळी आहेत, ओडिया आहेत, उत्तरेकडचे आहेत, तापी जिल्ह्यातून आलेले गामीत-वसावा आहेत. माझ्या वर्गातली वीस-बावीस मुले यांचीच. तबल्यावर बसतो तो मुलगा मुसलमान जरीवाल्याचा आहे आणि ज्या मुलीचा तार षड्ज ऐकून मी मनातल्या मनात कानाची पाळी धरतो ती ख्रिस्ती आदिवासी कुटुंबातली आहे. प्रार्थनागीते म्हणून म्हणून तिचा दम तयार झाला आहे, त्याचे श्रेय मला नाही.

यंदा त्या बाजूच्या एका शाळेने स्नेहसंमेलनासाठी माझ्याकडे संगीत मागितले. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही; हेतू वाईट नव्हता. विषय होता ‘धर्मयुद्ध’. कोणीतरी चित्रपट पाहिला असावा. पांढऱ्या झग्यावर तांबडा क्रूस लावलेली मुले एका बाजूला, हिरव्या फेट्यांची दुसऱ्या बाजूला, मध्ये पुठ्ठ्याचे जेरुसलेम, आणि मी द्यायची ती वीररसाची धून. मी म्हटले, एवढ्या लांब कशाला जाता? हे युद्ध तुमच्या नदीत आलेले आहे. रांदेर येथून हाकेवर आहे, तेच करा. कल्पना त्यांना आवडली. पण पुढच्याच वाक्याला गुरुजी म्हणाले, “मात्र खलनायक कोण ते स्पष्ट हवे. मुलांचा गोंधळ नको.” त्या शनिवारी मी वर्गात ही गोष्ट काढली, तेव्हा तबल्यावरच्या मुलाने विचारले, “सर, मग आपण कोणाच्या बाजूचे?” वर्ग हसला. तो मुलगा आणि ती गाणारी मुलगी मात्र हसली नाहीत.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. मी इतिहासाचा पंडित नव्हे, संगीतशिक्षक आहे. पण बडोद्याच्या ग्रंथालयांनी वाचनाची सवय लावलेली आहे आणि गाडीत वेळ पुष्कळ असतो.

१०९५ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँ येथे पोप दुसऱ्या अर्बनने ख्रिस्ती सरदारांना जेरुसलेम सोडविण्याचे आवाहन केले आणि जो जाईल त्याच्या पापाचे प्रायश्चित्त या प्रवासातच फिटेल असे आश्वासन दिले. १०९९ साली जेरुसलेम पडले. तेव्हा शहरातले मुसलमान कापले गेले आणि यहुदीही त्यांच्याबरोबर मेले. ११८७ साली सलाहुद्दीनने ते परत घेतले. १२०४ साली हीच क्रूसधारी फौज वाट वाकडी करून कॉन्स्टंटिनोपलवर गेली आणि ख्रिस्त्यांनीच ख्रिस्त्यांचे सर्वांत मोठे शहर लुटले. १२९१ साली आक्रा पडले आणि पाठ्यपुस्तकातला धडा तेथे संपतो.

तो खरोखर तेथे संपत नाही. त्याचे एक शेपूट पश्चिमेला पोर्तुगालमध्ये राहिले होते. लिस्बन हे शहरच मुळी क्रूसयुद्धाची कमाई आहे. ११४७ साली पूर्वेकडे निघालेल्या उत्तर युरोपातल्या क्रूसधाऱ्यांची गलबते वाटेत थांबली आणि त्यांच्या मदतीने पोर्तुगालच्या राजाने ते मुसलमानांकडून घेतले. त्या लुटीत शहरातल्या म्हाताऱ्या ख्रिस्ती बिशपचा गळाही त्यांनी चिरला. मुसलमानी राज्यात तो बिशप जिवंत होता. त्याला सोडवायला आलेल्यांच्या हातून तो मेला. पुढे टेंपलर नावाचा योद्ध्या साधूंचा पंथ पोपने १३१२ साली मोडून काढला, तेव्हा पोर्तुगालच्या राजाने नाव बदलून तो आपल्याकडे राखला. १३१९ सालचा हा ‘ख्रिस्ताचा पंथ’. तोमार येथला टेंपलरांचा जुना किल्ला पुढे त्याचे मुख्य ठाणे झाला. आफ्रिकेच्या किनाऱ्याने गलबते धाडणारा राजपुत्र हेन्री याच पंथाचा कारभारी होता. पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर जो तांबडा क्रूस आपण चित्रांत पाहतो, तो या पंथाचा. म्हणजे पुठ्ठ्याच्या जेरुसलेमभोवती नाचणाऱ्या मुलांच्या झग्यावरचा क्रूस आणि तापीच्या मुखाशी दिसलेला क्रूस यांत चुलत्या-पुतण्याचे नाते आहे.

तो दिसला कसा? १५०२ साली वास्को द गामा दुसऱ्या फेरीत मलबारकडे येत असता मक्केहून परतणारे ‘मिरी’ नावाचे यात्रेकरूंचे जहाज त्याला सापडले. त्यात बायका-मुले होती. सामान काढून घेऊन त्याने ते माणसांसकट जाळले. पुढे १५०८ साली आपल्या कोकणात, चौलच्या खाडीत, इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ यांनी पोर्तुगीजांना गाठले. त्या लढाईत व्हाइसरॉय आल्मैदाचा मुलगा लोरेन्सू पडला. बापाने पुढच्या वर्षी दीवसमोर त्याचा सूड घेतला. मामलुकांची जी निशाणे तेथे सापडली ती कोठे पाठविली? तोमारला, त्या टेंपलरांच्या जुन्या मठात. बापाचे दुःख होते, मिरीचा व्यापार होता. पण निशाणे कोठे टांगायची हे ठरवताना मात्र चारशे वर्षांची जुनी आठवण उपयोगी पडली.

येथे आपल्याकडचे सुशिक्षित लोक चटकन एक वाक्य म्हणून मोकळे होतात: धर्म हे निमित्त, खरा झगडा मसाल्याच्या व्यापाराचा. मीही बरीच वर्षे हेच म्हणत असे. चहाच्या टपरीवर शोभणारे वाक्य आहे. व्यापार होताच. व्हेनिस हे ख्रिस्ती राज्य, पण अलेक्झांड्रियाच्या बाजारातून येणाऱ्या मिरीवर त्याचे पोट चालत असल्याने त्याचे हित मामलुकांच्या बाजूला होते. परंतु ज्याने यात्रेकरूंचे जहाज सामान उतरवून झाल्यावरही जाळले, त्याला आणखी कोणता नफा मिळणार होता? नाईल नदीचा प्रवाह वळवून इजिप्त उपाशी मारावा आणि मदिनेवर चालून जावे, असे बेत आल्बुकर्कच्या डोक्यात होते. ते हिशेबनीसाचे बेत नव्हेत. गोव्यात देवळे पाडली गेली, १५६० साली इन्क्विझिशन बसले, तीही जमाखर्चाच्या वहीतून निघालेली गोष्ट नव्हे. माणसे मनापासून मानत होती. याच गोव्यात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मराठी शिकला आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांत छापून गेला, हेही मनापासून मानल्यामुळेच. श्रद्धेला दोन्ही हात असतात.

आता सुरत. १५१२ साली एकदा आणि १५३० साली पुन्हा पोर्तुगीजांनी ती जाळली. दुसऱ्या खेपेचा सरदार आंतोनिओ द सिल्वैरा. सुरत जाळल्यावर तो समोरच्या रांदेरवर गेला. रांदेर त्या वेळी केवढे होते, हे दुआर्त बार्बोझा या पोर्तुगीजानेच लिहून ठेवले आहे: मलाक्का, पेगू, बंगालपर्यंत ज्यांची जहाजे जातात असे श्रीमंत मुसलमान व्यापारी, नीटनेटकी घरे, घरांत मांडून ठेवलेली चिनी मातीची सुंदर भांडी. त्या आगीनंतर रांदेरचे वैभव हळूहळू सरले आणि सुरत वाढली. आज रांदेरच्या जुन्या गल्ल्यांतून फिरताना लाकडी कोरीव घरे दिसतात, ती पुष्कळ नंतरची. पण नाटकापुरता माझा प्रश्न असा: आग लागली तेव्हा घाटावर कोण होते? सुरतेत वाणी होते, जैन होते, विणकर होते, हमाल होते. धर्मयुद्ध मुसलमानांशी होते आणि दुकान जळले वाण्याचे. जेरुसलेममधल्या यहुद्यांचीही हीच गत झाली होती.

आणि ज्यांच्यावर गुजरातच्या रक्षणाची जबाबदारी होती ते सुलतान बहादुरशहा काय करीत होते? चार वर्षांनी हुमायूनची फौज अंगावर येणार असे दिसताच त्यांनी याच पोर्तुगीजांशी तह केला. डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना मिळाला. १५३५ साली दीवला किल्ला बांधण्याची परवानगीही मिळाली. मुसलमान सुलतान मुसलमान बादशहाच्या भीतीने क्रूसवाल्यांना घरात घेतो आणि दोन वर्षांनी, फेब्रुवारी १५३७ मध्ये, दीवसमोर त्यांच्याच गलबतावरून परतताना मारला जातो. खलनायक स्पष्ट करा म्हणणाऱ्या गुरुजींना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

बहादुरशहांचे नाव मी मात्र लहानपणापासून वेगळ्याच कारणाने ऐकत आलो आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, बडोद्याच्या दरबारी कलावंतांत दाखल झाले तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १९४९ साली, संस्थान विलीन झाले. दरबार गेला, पण आप्पांचे दरबारी वागणे जन्मभर गेले नाही. मी त्यांना सत्तेचाळिसाव्या वर्षी झालो. माझ्या वाट्याला आले ते नोकरी गेलेले आणि फेटा राहिलेले आप्पा. पहाटे ते बहादुरी तोडी गात. शेजारी विचारीत, हा कोणता राग? ते म्हणत, “एका सुलतानाचे नाव आहे त्यात. त्याची सुरत जळली, चांपानेर गेले, दीव गेले, शेवटी तोही गेला. तोडी राहिली.” बक्षू नायकाने हा राग बांधला असे मानतात. ग्वाल्हेरच्या राजा मानसिंगाच्या पदरचा हा गायक पुढे बहादुरशहांच्या आश्रयाला आला होता.

आप्पांची आणखी एक आवडती गोष्ट ‘मिरात-इ-सिकंदरी’ या गुजरातच्या फारसी इतिहासात आहे. १५३५ साली हुमायूनने मांडू घेतले आणि तांबडी वस्त्रे चढवून कत्तलीचा हुकूम दिला. कैद्यांत बहादुरशहांचा गवई बच्चू सापडला. कोठे त्याला मंझू म्हटले आहे आणि लोकांनी पुढे त्याला बैजूशीही जोडले. एका सरदाराने त्याला ओळखून बादशहापुढे नेले. तो गायला. बादशहाने तांबडी वस्त्रे उतरवून हिरवी घातली, कत्तल थांबविली आणि काय हवे ते माग म्हणाला. गवयाने आपले ओळखीचे कैदी मागून घेतले. पुढे तो संधी साधून पळाला आणि सगळे राज्य गमावून बसलेल्या आपल्या धन्याकडे गेला. तेव्हा सुलतानाला गमावलेले सारे परत मिळाल्यासारखे वाटले म्हणतात. ही गोष्ट सांगताना आप्पांचा आवाज भरून येई. मला लहानपणी वाटे, गाण्याने कत्तल थांबते. आता वाटते, गाणे सुरू होण्यापूर्वी जे मारले गेले त्यांचे काय? आप्पांना हे विचारायचे राहून गेले. आणि हेही लक्षात येते की त्या गोष्टीत मारणारा आणि मरणारा यांचा धर्म बहुतेक एकच होता.

बहादुरशहांच्या मृत्यूनंतर सुरतेचे रक्षण कोणी केले हे पाहू गेलो, तर गोष्ट आणखीच गुंतागुंतीची होते. चौकबाजारातला, तापीच्या अगदी काठावरचा जो किल्ला महानगरपालिकेने अलीकडे दुरुस्त करून त्यात संग्रहालय मांडले आहे, तो १५४० नंतरच्या वर्षांत खुदावंदखानाने फिरंग्यांच्या भयानेच बांधला. फारसी तवारिखा सांगतात की पोर्तुगीजांनी आधी बळाने काम अडविण्याचा प्रयत्न केला, ते जमेना तेव्हा पैसे देऊ केले: किल्ला बांधू नका, निदान आमच्या पद्धतीची चौकंडी तरी त्यावर बांधू नका. खानाने चौकंडी बांधलीच. (आपल्या मराठी वाचकांना हा किल्ला दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेत शिरले तेव्हा सुभेदार इनायतखान शहर उघडे टाकून याच भिंतींआड दडून बसला होता.)

हा खुदावंदखान म्हणजेच पोर्तुगीज बखरींतला ‘कोजे सफर’, ख्वाजा सफर. त्या बखरींच्या सांगण्याप्रमाणे तो जन्माने इटलीकडचा ख्रिस्ती! मुसलमान झाला, तुर्कांच्या चाकरीत राहिला, गुजरातेत आला, आणि १५४६ साली दीवच्या दुसऱ्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने मेला. त्याच्या मागून त्याच्या मुलाने वेढा चालविला. तोही तेथेच पडला. आणि समोरच्या तटावर पोर्तुगीज व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रूचा तरुण मुलगा फेर्नांव मेला. पडझड झालेला किल्ला पुन्हा बांधायला पैसे हवेत म्हणून काश्त्रूने गोव्याच्या नगरपालिकेला पत्र लिहिले. मुलाची हाडे तारण ठेवायचा त्याचा विचार होता, पण ती अजून उकरता येण्याजोगी नव्हती, म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस तारण म्हणून पाठविले. पोर्तुगालच्या मुलांना ही गोष्ट सचोटीचा दाखला म्हणून शिकवितात. ती वाचताना मला मात्र राहून राहून त्या बापाने आधी हाडांचा विचार केला होता हेच दिसत राहिले. सुरतेत ख्वाजा सफरची कबर आहे. मी ती पाहून आलो. दुपारची वेळ होती, बाहेर रिक्षावाले भांडत होते.

इथवर लिहिले ते पोर्तुगीज आणि तुर्कांविषयी. हे लिहिणे सोपे आहे, कारण ते दोघेही आपले नव्हेत. परंतु बहादुरशहांनी दिलेली ती वसई दोनशे वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी जिंकली आणि तिकडच्या चर्चांच्या घंटा मिरवीत आणून आम्ही आमच्या देवळांत टांगल्या. नाशकात पंचवटीला नारोशंकराच्या देवळात आहे, भीमाशंकरला आहे, मेणवलीला आहे. ‘नारोशंकराची घंटा’ हा तर मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला. मोठ्या आवाजाच्या बाईला आमच्या आजीच्या पिढीत हेच म्हणत. तोमारच्या मठातली निशाणे आणि गोदावरीकाठची घंटा यांत फरक काय, असे कोणी विचारले तर मी काय उत्तर देऊ? वसईचा छळ खरा होता, लढाई न्यायाची होती असे मी मानतो. तरीही ती घंटा कोणाच्या तरी प्रार्थनेची होती एवढे मान्य करायला माझी हरकत नाही.

नाशकाला एका लग्नाच्या निमित्ताने गेलो असता त्या घंटेखाली मी बराच वेळ उभा होतो. तिच्यावर १७२१ हे साल आहे. एका भाविकाने टोला दिला. युरोपी घंटेच्या नादात एकच स्वर नसतो. टोल्याचा जो स्वर आपण षड्ज धरावा, त्याच्यावर कोमल गांधार स्पष्ट बोलतो. ओतणारे कारागीर घंटेच्या बाकाचा आकारच तसा ठेवतात. म्हणून ती घंटा आनंदाच्या दिवशीही थोडी उदास वाटते. आप्पांच्या तोडीतला गांधारही कोमलच. यातून काही सिद्ध होत नाही. पण माझ्या कानाने ते ऐकले आणि एवढे दिवस कोणाला सांगितले नव्हते.

शाळेच्या गुरुजींशी पुढे तीन बैठका झाल्या. एका बैठकीत त्यांनी तक्रार केली की मी साध्या संमेलनाची डोकेदुखी करून ठेवली. तक्रार योग्यच होती. मी त्यांना सांगितले, वीररसाची धून मी देणार नाही असे नाही. दीवच्या तटावरचे दोन्हीकडचे लोक शूर होते. शौर्य खोटे ठरविण्याचा मला अधिकार नाही. पण ती धून दोन्ही पक्षांना एकच असेल, आणि नाटक गलबतांवरून नव्हे, रांदेरच्या घाटावरून सुरू होईल. तेथे भांडी मांडणारी बाई असेल, सूत रंगविणारा असेल, मलाक्क्याला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी असेल. आग शेवटी नको, मध्येच लागू दे. उरलेला वेळ विझवण्यात जाऊ दे. मलबारात चविट्टु नाटकम् नावाचा ख्रिस्ती लोकांचा नाट्यप्रकार आहे. त्यात शार्लमेन आणि मूर यांच्या लढाया पायांच्या ठोक्यांवर नाचून दाखवितात. तेथे ठोका सर्वांना सारखाच. आपल्या मुलांना तेवढे नक्की जमेल.

गुरुजी कबूल झाले. म्हणजे वेळ थोडा उरला होता म्हणून झाले. तांबड्या क्रूसाचे झगे शिवून झाले होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून गलबते राहिली. मात्र क्रूस कोण घालणार आणि फेटा कोण बांधणार यासाठी चिठ्ठ्या काढायच्या असे मी ठरवून घेतले. मागच्या शनिवारी चिठ्ठ्या निघाल्या. जरीवाल्याच्या मुलाच्या वाट्याला सिल्वैरा आला. तो इतका खूश झाला की तबला कोण वाजवणार हा प्रश्न उभा राहिला. गाणाऱ्या मुलीला घाटावरच्या बाईचे काम मिळाले. तिला मी बहादुरी तोडीतले चार स्वर आलापीसारखे दिले आहेत, शब्द नाहीत. गांधार तिच्याकडून अजून थोडा चढा लागतो. येत्या शनिवारी तेवढा उतरवून घ्यायचा आहे, आणि तबल्याला दुसरा कोणीतरी पाहायचा आहे.